खुबा दुखतो, पैसा नाही : मग काय करायचे?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे कष्टकऱ्यांची. उल्हासनगरात दिवसभर शिवणयंत्रे चालतात. अंबरनाथला कारखाने आहेत. बदलापूरच्या आसपास भातशेती आहे. कोणी ओझे वाहतो, कोणी उभ्याने काम करतो, कोणी चिखलात वाकून लावणी करतो. पहाटे लोकल गाठायची, रात्री परत यायचे. हे सगळे कशाच्या जोरावर? दोन पायांच्या जोरावर.

पण पाय चालतो तो खुब्यावर. खुबा दुखू लागला की माणूस अडतो. मांडी घालता येत नाही. उकिडवे बसता येत नाही. स्टेशनाचा पूल डोंगरासारखा वाटतो. डॉक्टर म्हणतात, "खुबा बदलावा लागेल." खाजगी इस्पितळात त्याचा खर्च लाखांत जातो. हा आकडा ऐकून माणूस घरी येतो आणि गप्प बसतो. कोणी सावकाराकडे जातो. कोणी जमिनीचा तुकडा विकायला काढतो.

आमचे सांगणे असे की गप्प बसू नका, आणि घाईने कर्जही काढू नका. या दोन्हींच्या मधला रस्ता आहे. तोच आज आपण पाहू.

खुबा म्हणजे काय?

उखळ आणि मुसळ सगळ्यांना ठाऊक आहे. खुब्याचा सांधा तसाच असतो. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. हा गोळा त्या वाटीत बसतो. म्हणून अशा सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात. गोळा वाटीत सगळीकडे फिरतो, म्हणूनच आपण चालतो, बसतो, वाकतो.

गोळ्यावर आणि वाटीत गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. मध्ये थोडे वंगण असते. बैलगाडीच्या आखाला वंगण नसले तर काय होते? चाक करकरते आणि आख झिजतो. खुब्याचेही तसेच. कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते. मग दुखते.

खुबा बिघडण्याची कारणे बरीच आहेत. वयाने कूर्चा झिजते. संधिवाताने सांधा सुजतो. कधी हाडाला क्षय होतो. कधी गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग गोळा आतून मरतो आणि हळूहळू चपटा होतो. हा शेवटचा रोग तरुण माणसांनाही होतो. फार दारू पिण्याने तो होतो. स्टेरॉइड नावाचे औषध फार दिवस किंवा फार मोठ्या प्रमाणात घेतल्यानेही होतो. सिकलसेलच्या आजारातही होतो. कोरोनाच्या साथीत पुष्कळ रोग्यांना स्टेरॉइड द्यावे लागले होते. त्यांतल्या काहींचे खुबे पुढे दुखू लागले, असे २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांना दिसून आले.

दुखणे खुब्याचेच आहे का?

लोक ढुंगणाच्या मागच्या बाजूला हात लावतात आणि "खुबा दुखतो" म्हणतात. पण ते दुखणे पुष्कळदा पाठीच्या मणक्याचे असते. खऱ्या खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत असते. ते मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरते. कधी कधी तर फक्त गुडघाच दुखतो, आणि रोग असतो खुब्यात! पायाची नखे कापता येत नाहीत, मांडी घालता येत नाही, पाय आत वळत नाही, अशी खूण असली तर खुब्याचा संशय घ्यावा.

म्हणून पहिले काम तपासणीचे. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढून घ्यावा. तो महाग नसतो. काही वेळा एक्स-रे चांगला दिसतो आणि तरी दुखतच राहते. तेव्हा डॉक्टर एमआरआय करायला सांगतात. ती टाळू नये. का ते ऐका. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आहे, पण गोळा अजून चपटा झालेला नाही, अशा वेळी लहान शस्त्रक्रियेने काही रोग्यांचा खुबा वाचू शकतो. गोळा एकदा दबला की ती वेळ निघून जाते. सहा महिने अंगावर काढले तर स्वस्तातले काम महागात पडते.

या वेळी मात्र थांबू नका

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे.

म्हातारे माणूस घसरून पडले, उभे राहता येत नाही, पाय आखूड दिसतो आणि बाहेर वळला आहे, तर हाड मोडले आहे असे समजा. "दोन दिवस तेल लावू" असे म्हणू नका. चोळू नका, ओढू नका.

खुबा दुखतो आणि जोराचा तापही आहे, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. लहान मूल एकाएकी लंगडू लागले आणि त्याला ताप असला, तरी तसेच.

संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटते, रात्री दुखण्याने जाग येते, असे असेल तर क्षयाची तपासणी करा. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ते पुरे दिवस घेतले तर रोग बरा होतो.

दोन्ही पायांतली शक्ती गेली किंवा लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, तर तो मणक्याचा रोग. तेव्हाही थांबायचे नाही.

काठीची लाज नको

समजा, बदलापूरजवळच्या एका गावात एक मावशी आहेत. उजवा खुबा दुखतो. मुलगा म्हणतो, "आई, काठी घे." मावशी म्हणतात, "काठी घेतली की लोक म्हातारी म्हणतील."

मावशींना आम्ही हिशेब सांगू. चालताना एका पायावर भार येतो, तेव्हा खुब्यावर नुसते अंगाचे वजन पडत नाही. त्याच्या अडीच ते तीन पट भार पडतो. कारण शरीर एका बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याभोवतीचे स्नायू जोराने ओढतात. ती ओढही सांध्यावरच पडते. हातात काठी असली की स्नायूंना तेवढे ओढावे लागत नाही. भार कमी होतो, दुखणेही कमी होते.

पण काठी कोणत्या हातात धरायची? बहुतेक लोक दुखऱ्या बाजूला धरतात. ते चूक आहे. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची. मावशींचा उजवा खुबा दुखतो, तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी बरोबर पुढे टाकायची. मग चांगला पाय.

काठी किती उंच असावी? चपला घालून ताठ उभे राहा. हात मोकळे सोडा. मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. खाली रबरी टोपण बसवा, नाहीतर पावसाळ्यात काठी घसरेल. बांबूची काठी चालते, वेताची चालते.

जिन्यासाठी एक नियम लक्षात ठेवा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एका हाताने कठडा धरा.

ओझे शक्यतो उचलू नये. उचलावेच लागले तर थोडे घ्या, आणि दुखऱ्या बाजूच्या हातात घ्या. हे ऐकायला उलटे वाटते. पण चांगल्या बाजूला ओझे घेतले तर दुखऱ्या खुब्याचे स्नायू जास्त ओढतात. कमरेवर भरलेली कळशी घेणे बंदच करा. दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील, पण भांडे लहान घ्या.

घरात थोडा बदल

जमिनीवर बसणे खुब्याला फार जड जाते. चूल खाली असेल तर विटांवर उंच करा, आणि स्टुलावर बसून रांधा. भाजी चिरणे, धान्य निवडणे खुर्चीवर बसून करा. खुर्ची गुडघ्यापेक्षा थोडी उंच असावी. फार खोल सोफ्यात बसू नये, उठताना त्रास होतो.

संडासात उकिडवे बसवत नाही, ही मोठी अडचण. पुष्कळ माणसे लाजेने सांगत नाहीत. मग पाणी कमी पितात, जेवण कमी करतात. तसे करू नका. मध्ये भोक असलेली खुर्ची बाजारात मिळते. जुन्या भक्कम खुर्चीला सुताराकडून भोक पाडून घेतले तरी काम भागते. ती संडासाच्या भांड्यावर ठेवायची. बाजूच्या भिंतीत धरायला एक लोखंडी दांडी बसवा.

झोपताना चांगल्या कुशीवर झोपा. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवा. पुष्कळांना एवढ्यानेच रात्री झोप लागते.

शिवणकाम करणाऱ्यांनी अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे, मग पुन्हा बसावे. लावणीच्या दिवसांत दुखऱ्या माणसाला रोपे काढून देणे, जुड्या बांधणे अशी कामे उंच पाटावर बसून द्यावीत. घरातल्या माणसांनी हे समजून घेतले पाहिजे. तो माणूस आळशी नाही, दुखण्याने अडला आहे.

वजन जास्त असेल तर कमी करा. वर हिशेब सांगितलाच. पाच किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला खुब्यावरचा बारा-पंधरा किलो भार उतरतो. गोड चहा, तळलेले पदार्थ, दारू यांना रजा द्या. भाकरी, डाळ, पालेभाजी खा. त्याने अंगातली ताकद जात नाही.

व्यायाम : फुकटचे औषध

दुखते म्हणून माणूस पडून राहतो. पडून राहिले की स्नायू सुकतात. स्नायू सुकले की सांध्याला आधार राहत नाही, आणि जास्त दुखते. हे चक्र तोडायचे. दुखणे फार वाढले तर एक-दोन दिवस विश्रांती घ्या, पण महिनाभर अंथरूण धरू नका.

हाड मोडलेले नाही, ताप नाही, आणि डॉक्टरांनी मनाई केली नाही, तर हे व्यायाम करा :

१. उताणे झोपा. पाय सरळ. मांडी घट्ट आवळा, पाच आकडे मोजा, सोडा.

२. उताणे झोपून गुडघे दुमडा. कंबर हळूच वर उचला, पाच आकडे मोजा, खाली आणा.

३. चांगल्या कुशीवर झोपा. दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर वर उचला, खाली आणा.

४. भिंत धरून उभे राहा. दुखरा पाय सरळ ठेवून थोडा मागे न्या, परत आणा.

५. दहा मिनिटे पालथे झोपा. याने खुबा वाकलेला राहून आखडत नाही.

पहिले चार व्यायाम दहा-दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. सुरुवातीला पाच वेळाच जमले तरी पुरे. व्यायामानंतर थोडे दुखेल, त्याची भीती नको. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही जास्त दुखत असेल तर व्यायाम निम्मा करा. दोन आठवड्यांत चमत्कार होणार नाही. दोन-तीन महिने नेमाने केले तर फरक कळतो. पुढे शस्त्रक्रिया झालीच, तरी मजबूत स्नायू असलेला माणूस लवकर चालू लागतो.

शेकानेही बरे वाटते. गरम पाण्याची पिशवी किंवा मिठाची गरम पुरचुंडी पंधरा मिनिटे धरा. कातडी भाजणार नाही हे पाहा. मधुमेही माणसाने जास्त जपावे. तेल हलक्या हाताने चोळले तर हरकत नाही. पण पाय ओढून, पिळून "हाड बसवणारा" कोणी असेल, तर त्याच्या हाती खुबा देऊ नका.

गोळ्या आणि पुड्या

दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या दोन जातींच्या. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सौम्य. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसाला सहापेक्षा जास्त घेऊ नयेत. यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी जात डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांची. यांनी दुखणे जोरात थांबते. पण रोज रोज घेतल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंड बिघडते, रक्तदाब वाढतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस आणि जेवणानंतर घ्या. शौचास काळे डांबरासारखे झाले तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा. जनऔषधी केंद्रात याच गोळ्या स्वस्त मिळतात.

आता पुड्यांचे. "एक पुडी घ्या, उद्या पळायला लागाल," असे सांगणारे लोक बाजारात, स्टेशनाबाहेर भेटतात. पुडीवर नाव नसते. माणूस खरोखर पळायलाही लागतो. कारण अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. काही महिन्यांनी तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि गंमत अशी की, खुब्याचा गोळा मारणारे औषध तेच! खुब्यासाठी पुडी घ्यायची आणि पुडीनेच खुबा घालवायचा. असा सौदा कोण करील?

अशी पुडी फार दिवस घेतली असेल तर ती एकदम बंद करू नका. त्यानेही जिवाला धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरे ते सांगा. ते हळूहळू बंद करतील.

शस्त्रक्रिया लागलीच तर

खुबा बदलणे म्हणजे झिजलेला गोळा काढून धातूचा गोळा बसवणे आणि वाटीच्या जागी नवी वाटी बसवणे. इंग्लंडातले डॉक्टर जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा गोळा आणि कठीण प्लॅस्टिकची वाटी बसवून दाखवली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर होऊ लागली. चांगला बसवलेला खुबा पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहून जास्त टिकतो.

एक जुनी शस्त्रक्रियाही आहे. तीत बिघडलेला गोळा काढून टाकतात आणि नवा काही बसवत नाहीत. दुखणे पुष्कळ कमी होते, खाली बसता येते. पण पाय आखूड होतो आणि काठी कायमची लागते. सांध्यात पू झालेला असेल तेव्हा डॉक्टर कधी कधी हीच सुचवतात.

झिजलेल्या खुब्याने जीव जात नाही. म्हणून आज रात्रीच पैसे उभे केले पाहिजेत असे नसते. चालणे अडते आहे, रात्रीची झोप जाते आहे, आणि वर सांगितलेले सगळे करून पाहिले आहे, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा. तोवर चौकशीला वेळ मिळतो. तो वेळ वापरा.

कुठे जायचे, काय विचारायचे?

आधी जवळचा सरकारी दवाखाना. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे. तिथून गरज पडली तर पुढे चिठ्ठी मिळते. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय, परळला के. ई. एम., भायखळ्याला जे. जे. ही सगळी आपल्याच लोकलच्या रस्त्यावर आहेत. कळव्याला आणि शीवला जलद गाडी थांबत नाही, म्हणून धीम्या गाडीने जा. सकाळी लवकर पोचा, बरोबर कोणीतरी घ्या. मोठ्या इस्पितळात रांग असते, तारीख उशिराची मिळते. पण तारीख मिळाली की ती आपली. रांगेला कंटाळून कर्ज काढू नका.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली आणि २०१७ साली तिचे नाव बदलले. केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली. आता दोन्ही मिळून एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या प्रत्येक इस्पितळात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. त्याला शिधापत्रिका आणि आधारकार्ड दाखवा. त्याला हे तीन प्रश्न विचारा :

माझी शस्त्रक्रिया योजनेत बसते का? ती कोणत्या इस्पितळात होते? मला वरचे काही पैसे भरावे लागतील का?

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. योजनेची मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते. आधी पैसे भरायचे आणि मग सरकारकडे मागायचे, असे इथे चालत नाही. कितीतरी लोक इथेच फसतात. चौकशीचा फोन आहे १५५३८८.

दुसरा रस्ता धर्मादाय इस्पितळांचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या इस्पितळांनी दहा टक्के खाटा अगदी गरीब रोग्यांसाठी मोफत ठेवायच्या असतात, आणि आणखी दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. बदलापूरकरांनी तो अंबरनाथ तहसीलमधून काढावा. दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

कारखान्यात कामाला असाल तर कामगार विम्याचे कार्ड आहे का ते पाहा. ते असेल तर तुमचा आणि घरच्यांचा उपचार त्यातून होतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो.

खुब्याने कायमचे अपंगत्व आले असेल तर सरकारी इस्पितळातून अपंगत्वाचा दाखला काढा. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सवलती मिळतात. लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा असतो, त्यातून जाता येते.

सगळे कागद एका पिशवीत ठेवा : एक्स-रे, चिठ्ठ्या, शिधापत्रिका, आधार, दाखला. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. जो आता वाचायला शिकला आहे, त्याने घरातल्या रोग्याचे कागद स्वतः वाचावेत. कोणती तारीख दिली, कोणती गोळी किती वेळा, कुठे सही केली, हे पाहावे. न वाचता अंगठा उठवण्याचे दिवस आता गेले.

थोडक्यात सांगायचे तर असे. तपासणी लवकर करा. काठी चांगल्या हातात धरा. वजन उतरवा, व्यायाम सोडू नका. नाव नसलेली पुडी घेऊ नका. आणि जमीन गहाण टाकण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. शेजारी कोणी लंगडत चालताना दिसला, तर त्यालाही हे वाचून दाखवा.